कागदी कपातला प्लास्टिकचा थर नॅनोसेल्युलोजमुळे हटेल का? समजून घ्या

कागदी कप म्हणजे प्लास्टिक नाही, असं आपण सहज धरून चालतो. एखाद्या कार्यक्रमात प्लास्टिकचे ग्लास दिसले की लोक नाक मुरडतात आणि कागदी ग्लास आले की आयोजकांनी पर्यावरणाचा विचार केला असं वाटतं. कायदा मात्र हे इतक्या सहज मानायला तयार नाही.

तमिळनाडू सरकारने १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. त्या यादीत प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कपही होते. कप बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कपांवरची बंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची मूळ अधिसूचना मार्च २०१८ ची. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने त्यात बदल करून प्लास्टिकचा लेप किंवा लॅमिनेशन असलेल्या कप, प्लेट, वाट्यांसारख्या वस्तूही बंदीखाली आणल्या. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशातही असा कप प्लास्टिकच्याच वस्तूंमध्ये मोजला जातो.

थोडक्यात, वाद कागदाचा नाही. वाद आहे तो कपाच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ अशा एका थराचा.

हा थर बदलण्यासाठी जगभरात जे प्रयोग सुरू आहेत, त्यात एक नाव वारंवार येतं : नॅनोसेल्युलोज. कापूस, लाकूड, उसाचं चिपाड, भाताचा पेंढा अशा कशापासूनही ते काढता येतं. त्यामुळे ‘वनस्पतींपासून प्लास्टिकला पर्याय’ अशा मथळ्यांच्या बातम्या येतात. पण इथे एक गफलत होते. कागदावरच्या लेपात नॅनोसेल्युलोज बहुतेक वेळा एकटं नसतं. ते दुसऱ्या एखाद्या पॉलिमरमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं जातं आणि त्या पॉलिमरला बळकटी देतं. म्हणून ‘हा लेप वनस्पतीपासून बनला आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘बळकटी नेमकी कुठल्या पॉलिमरला दिली आहे’ हेही विचारावं लागतं.

हे का, ते एकेक करून पाहू.

कागदाला लेप लागतोच कशाला?

कागद म्हणजे लाकडाच्या किंवा चिपाडाच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी. तंतूंच्या मध्ये मोकळ्या जागा असतात. शिवाय हे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. साध्या कागदात चहा ओतला तर काही मिनिटांत कागद फुगेल, मऊ पडेल आणि तळ सुटेल.

म्हणून कपाच्या आत पॉलिएथिलीनचा थर देतात. दुधाच्या पिशव्या ज्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात, त्याच जातीचं हे प्लास्टिक. कपाच्या वजनात त्याचा वाटा साधारण ५ ते १० टक्के. कारखान्यात ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून, पातळ पडद्यासारखं धावत्या कागदावर सोडतात आणि दाबून बसवतात.

हा एकच थर तीन कामं करतो. पाणी अडवतो. कपाचा जोड गरम करून दाबला की वितळून गोंदासारखा चिकटतो. आणि कपाचा काठ गोल वळवताना तडकत नाही. वर तो स्वस्त. पर्याय म्हणून जे काही आणायचं, त्याला ही तिन्ही कामं जमली पाहिजेत. पॉलिएथिलीन इतकी वर्षं टिकून आहे ते यामुळेच.

मग या थराचा त्रास काय?

पहिला त्रास, सूक्ष्म कणांचा. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपात ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी ओतलं आणि १५ मिनिटं तसंच ठेवलं. एवढ्या वेळात पाण्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. दिवसाला असे तीन कप पिणाऱ्याचा हिशेब ७५ हजार कणांवर जातो. या अभ्यासात मोजले गेले ते कण. त्यातून कुठला आजार होतो, हे त्यात तपासलेलं नव्हतं. पण चहाच्या तापमानाला तो थर जसाच्या तसा राहत नाही, एवढं त्यातून दिसलं.

दुसरा त्रास, कचऱ्याचा. कागदाचा लगदा करताना प्लास्टिकचा पापुद्रा वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. त्यामुळे रद्दीवाला वर्तमानपत्रं वजनावर घेतो, पण वापरलेले कप सहसा घेत नाही. ते कचरा डेपोवर जातात. तिथे कागद कुजतो आणि पापुद्रा उरतो.

दुसरं, कुजणारं पॉलिमर का वापरत नाहीत?

वापरतात, पण त्यात अडचणी आहेत.

स्टार्चचं उदाहरण घ्या. सुती साडीला खळ घातली की ती कडक होते, पण घडीवर मोडते आणि पाणी लागलं की खळ निघून जाते. स्टार्चच्या लेपाचं कागदावर साधारण हेच होतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचं पॉलिमर तेल आणि हवा चांगली अडवतं, पण ते मुळात पाण्यात विरघळणारं आहे. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचा पापुद्राही पाण्याने फुगतो.

मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए आज सगळ्यात जास्त चर्चेत आहे. ते पाणी बऱ्यापैकी अडवतं, पण ठिसूळ आहे आणि ५५ ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. वाफाळता चहा त्याच्या बराच वर. त्यात पीएलए कुजायला साधारण ५८ अंश तापमान टिकवून ठेवणारं औद्योगिक कंपोस्ट युनिट लागतं. घरामागच्या खड्ड्यात टाकलं तर ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं.

म्हणजे कुजणारी पॉलिमर आहेत, पण कुणी ठिसूळ, कुणी कच्चं, कुणी पाण्याला घाबरणारं. नॅनोसेल्युलोजचा प्रश्न इथे येतो. या कच्च्या पॉलिमरना आतून आधार देता आला, तर ती कामाला लागतील का?

नॅनोसेल्युलोज म्हणजे नेमकं काय?

झाड उभं राहतं ते सेल्युलोजच्या जोरावर. कापसाच्या तंतूत सेल्युलोज ९० टक्क्यांच्या आसपास असतं, लाकडात ४० ते ५० टक्के. सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बारीक दोरे बनतात, त्या दोऱ्यांचे जुडगे होतात आणि जुडग्यांचा तंतू. सुंभ उकलत गेलात की शेवटी काथ्याचा एकेक धागा हाताला लागतो, तसा हा प्रकार आहे.

नॅनोसेल्युलोज म्हणजे हा सुंभ शेवटच्या धाग्यापर्यंत उकलणं. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली रासायनिक. तीव्र सल्फ्युरिक आम्लात सेल्युलोजचा सैल भाग विरघळतो आणि तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, कडक स्फटिक उरतात. दुसरी यांत्रिक. लगदा प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा ढकलतात किंवा जात्यासारख्या दोन दगडांमध्ये दळतात. त्यातून लांब, लवचीक सूक्ष्म तंतू मिळतात.

आकार किती? एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. नॅनोसेल्युलोजचे स्फटिक ५ ते २० नॅनोमीटर रुंद असतात, म्हणजे केसाच्या जाडीत हजारो मावतील. तरीही त्यांचा ताठपणा १०० ते १५० गिगापास्कलच्या घरात मोजला गेला आहे. पोलादाचा २०० च्या आसपास असतो. पण पोलाद सेल्युलोजपेक्षा जवळपास पाचपट जड आहे. वजनाच्या हिशेबाने हा वनस्पतीचा धागा पोलादाच्या पुढे जातो.

ही माहिती नवी नाही. आम्लाने सेल्युलोजचे सूक्ष्म कण वेगळे करण्याचं काम स्वीडनमध्ये १९५० च्या आसपास झालं होतं. यांत्रिक पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी आली. पण यांत्रिक पद्धतीला एवढी वीज लागायची की ते प्रयोगशाळेतच राहिलं. टनामागे २५ हजार युनिटांहून जास्त वीज, असे आकडे त्या काळातल्या प्रक्रियेबद्दल सांगितले जातात. पुढे एन्झाइम किंवा रसायनांनी लगदा आधी सैल करून घ्यायचं तंत्र आलं आणि हा आकडा एक-दोन हजार युनिटांपर्यंत उतरवता आला. जपानच्या टोकियो विद्यापीठात विकसित झालेल्या अशाच एका रासायनिक प्रक्रियेसाठी अकिरा इसोगाई, त्सुगुयुकी साइतो आणि योशिहारू निशियामा यांना २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. वन आणि लाकूड संशोधनातला हा फार मोठा सन्मान मानला जातो.

पॉलिमरमध्ये मिसळल्यावर काय होतं?

मातीची भिंत घालताना गाऱ्यात भुसा किंवा तणस कालवतात. नुसती माती वाळली की तडकते. तणसाच्या काड्या तिला धरून ठेवतात. तडा एका काडीपाशी येतो आणि थांबतो. लेपातल्या पॉलिमरला माती समजा आणि नॅनोसेल्युलोजला तणस. गंमत म्हणजे तणस हेही मोठ्या प्रमाणात सेल्युलोजच. फक्त इथे काडी काही लाख पटींनी बारीक आहे.

यातून तीन गोष्टी घडतात.

एक, ताण वाटला जातो. कागद दुमडला की लेपावर ताण येतो. नॅनोसेल्युलोजच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे स्टार्च किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या पॉलिमरशी त्याची घट्ट पकड बसते आणि मऊ पॉलिमरवरचा ताण कडक धाग्यावर जातो. कागद स्वतःही सेल्युलोजचाच, म्हणून लेप कागदालाही चांगला धरतो.

दोन, जाळं तयार होतं. ठरावीक प्रमाणाच्या पुढे गेलं की हे धागे एकमेकांना टेकतात आणि पूर्ण लेपात एक सलग सांगाडा उभा राहतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी समुद्रातल्या ट्युनिकेट नावाच्या प्राण्याच्या आवरणातले सेल्युलोजचे स्फटिक घेतले आणि ते एका लेटेक्समध्ये मिसळले. साधारण सहा टक्के स्फटिकांनी त्या पदार्थाचा मऊ, रबरी अवस्थेतला ताठपणा शंभरपटीच्या घरात वाढला. कागदावरच्या लेपांमध्ये याच प्रकारची लेटेक्स वापरली जातात, म्हणून हा प्रयोग या विषयात आजही महत्त्वाचा मानतात.

तीन, वाट लांबते. ऑक्सिजनचा रेणू किंवा तेलाचा थेंब लेपातून सरळ जाऊ शकत नाही. आठवडी बाजाराच्या गर्दीतून वाट काढावी तसा त्याला वळसे घालत जावं लागतं. म्हणून वड्याच्या पाकिटाला तेल फुटायला किंवा फरसाण खवट व्हायला जास्त वेळ लागतो.

हा शेवटचा मुद्दा आणखी एका कारणाने मोलाचा आहे. बर्गर, पिझ्झा, पॉपकॉर्न यांच्या कागदाला तेल लागू नये म्हणून जगभर अनेक वर्षं पीएफएएस गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ती निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की, अशी रसायनं असलेली तेलरोधक द्रव्यं खाद्यपदार्थांच्या कागदासाठी तिथल्या बाजारात आता विकली जात नाहीत. युरोपियन युनियनच्या नव्या पॅकेजिंग कायद्याने खाद्यपदार्थांच्या वेष्टनात या रसायनांवर मर्यादा घातली आणि त्यासाठी १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरवली. ही रसायनं निघाली की तेल अडवायला दुसरं काहीतरी लागणार. तेल अडवण्यात नॅनोसेल्युलोज चांगलं आहे. थोडक्यात, चहाच्या कपापेक्षा वडापावच्या कागदात त्याला आधी जागा मिळू शकते.

एवढं चांगलं आहे, तर टपरीवरच्या कपात का नाही?

पहिलं कारण, पाणी. नॅनोसेल्युलोज तेल आणि कोरडी हवा अडवतं, पण पाण्याला ते स्वतःच ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की धागे फुगतात, त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ऑक्सिजन अडवण्याची ताकद झपाट्याने घसरते. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. युरोपातल्या कोरड्या खोलीत घेतलेल्या चाचणीचे आकडे रत्नागिरीच्या जुलै महिन्याला तसेच लागू करता येत नाहीत. म्हणून लेपातलं मुख्य पॉलिमर पाणी अडवणारं असावंच लागतं. काही ठिकाणी नॅनोसेल्युलोजचा थर मध्ये ठेवून वरून मेणाचा किंवा दुसऱ्या पॉलिमरचा थर देतात.

दुसरं, गुठळ्या. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या मग कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. नॅनोसेल्युलोज असंच आहे. ते पाण्यावर प्रेम करणारं, तर पॉलिएथिलीन आणि पीएलए पाण्यापासून लांब राहणारी. या दोघांचं जमत नाही. धागे एकमेकांनाच चिकटतात आणि गोळा होतो. बळकटी देण्याऐवजी तो गोळा लेपातला कच्चा दुवा ठरतो. तडा तिथूनच सुरू होतो. यावर उपाय म्हणजे धाग्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक बदल करणं. पण त्याने खर्च वाढतो आणि ‘पूर्णपणे नैसर्गिक’ म्हणण्याचा हक्कही कमी होतो. युरोपच्या निर्देशातून सूट मिळते ती फक्त रासायनिक बदल न केलेल्या नैसर्गिक पॉलिमरना.

तिसरं, यंत्रं. आजचा थर ३०० अंशांच्या आसपास वितळवून बसवतात, हे वर आलंच आहे. सेल्युलोज त्याच्या बरंच आधी, २०० ते २५० अंशांच्या दरम्यान, करपायला लागतं. म्हणजे आहे त्या यंत्रात पॉलिएथिलीनबरोबर मूठभर नॅनोसेल्युलोज टाकून काम होणार नाही. पाण्यात कालवलेला लेप रंगासारखा कागदावर पसरून सुकवावा लागतो. अशी कोटिंग यंत्रं कागद गिरण्यांमध्ये असतात, पण कप बनवणाऱ्या छोट्या कारखान्याकडे ती नसतात. तो तयार लेपाचा कागद विकत घेतो.

चौथं, वाहतूक. नॅनोसेल्युलोज पूर्ण सुकवलं की धागे कायमचे चिकटतात आणि पुन्हा पाण्यात टाकले तरी नीट मोकळे होत नाहीत. म्हणून यांत्रिक पद्धतीचा माल जेलीसारख्या ओल्या स्वरूपात विकला जातो. त्यात धागे दोन टक्के असतील, तर एक किलो मालासाठी ४९ किलो पाणी ट्रकमधून फिरवायचं आणि कागदावर लावल्यावर तेच पाणी वीज जाळून उडवायचं. त्यामुळे हा माल जिथे बनतो त्याच्या शेजारीच वापरला गेला तर परवडतो. एका टक्क्याचा प्रश्नही यात सुटतो : लेपात नॅनोसेल्युलोज अवघं दोन ते पाच टक्के घातलं, तर पाण्याचा आणि पैशाचा बोजा आवाक्यात राहतो. पूर्ण लेपच त्याचा करायचा ठरवला, तर गणित कोलमडतं.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, म्हणजे सिरकॉट. १९२४ पासूनची ही संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत येते. तिथे २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट सुरू झाला. क्षमता दिवसाला सुमारे १० किलो, आणि कच्चा माल सरकीवर उरणारी आखूड रुई. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या सेल्युफोर्सच्या प्लांटची क्षमता २०१२ मध्येच दिवसाला एक टन होती. जपानच्या निप्पॉन पेपरने २०१७ मध्ये इशिनोमाकीच्या गिरणीत वर्षाला ५०० टनांचा प्लांट सुरू केला. आपण ज्ञानात मागे नाही, पण प्रमाणात खूप मागे आहोत, हे या आकड्यांवरून दिसतं.

कच्च्या मालाची मात्र आपल्याकडे वाण नाही. कापूस वेचून झाला की विदर्भात आणि मराठवाड्यात शेतात पऱ्हाटी उभी राहते. हेक्टरी दोन ते तीन टन. देशभरात वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास पऱ्हाटी निघते, असा अंदाज दिला जातो. थोडी चुलीला सरपण म्हणून जाते, बरीचशी बांधावर जाळली जाते. शेतात तशीच ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून ती लवकर काढा असं कृषी विभागच सांगतो. जळगावात केळीची खोडं आहेत, पूर्व विदर्भात भाताची तणस आहे.

पण इथे घाईने हुरळून जायला नको. पऱ्हाटी विस्कळीत शेतांमधून गोळा करायची, तिचे तुकडे करायचे, साल आणि माती काढायची, मग लिग्निन वेगळं करून सेल्युलोज मिळवायचं. यातला मोठा खर्च नॅनो तंत्रज्ञानाचा नाही. तो काढणीच्या मजुरीचा आणि ट्रॅक्टरच्या भाड्याचा आहे. उसाचं चिपाड साखर कारखान्यात एकाच जागी मिळतं, पण तो कचरा नाही. कारखाने त्यावर बॉयलर चालवतात आणि वीज विकतात. नॅनोसेल्युलोजसाठी चिपाड घ्यायचं तर त्या विजेपेक्षा जास्त भाव द्यावा लागेल.

शिवाय लेपात नॅनोसेल्युलोज लागतं अगदी थोडं. एका साध्या हिशेबाने पाहा. समजा कपात लेप १ ग्रॅम आहे आणि त्यात पाच टक्के नॅनोसेल्युलोज आहे. म्हणजे कपामागे ०.०५ ग्रॅम. एक कोटी कपांना ५०० किलो. एवढं सेल्युलोज पऱ्हाटीच्या दीड-दोन टनांतून निघू शकतं, म्हणजे जेमतेम एका हेक्टरमधून. त्यामुळे ‘नॅनोसेल्युलोज आलं की पऱ्हाटीला सोन्याचा भाव’ असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. नुसत्या कपांच्या लेपावर कापूस उत्पादकाचं अर्थकारण बदलणार नाही. पऱ्हाटीपासून लगदा, बोर्ड, इंधनाचे पेलेट आणि त्यातला एक छोटा, महाग भाग म्हणून नॅनोसेल्युलोज, असं सगळं एकत्र जमलं तर शेतकऱ्याच्या हाती काही पडेल.

आणि हे आरोग्याला सुरक्षित आहे का?

सेल्युलोज आपण रोज खातो. भाजीतला चोथा तोच आहे. पण ‘नॅनो’ आकाराला वेगळे प्रश्न लागू होतात. कोरड्या नॅनोसेल्युलोजची धूळ श्वासातून आत जाणं, हा कारखान्यातल्या कामगारांच्या दृष्टीने काळजीचा मुद्दा मानला जातो. माल ओला ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर लेपातून अन्नात काय उतरतं हे महत्त्वाचं. भारतात एफएसएसएआयचे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमधून एकूण किती द्रव्य उतरलं तर चालेल, याची मर्यादा त्यात दिलेली आहे : चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. पण ही मर्यादा वजनाची आहे. कण किती आणि केवढे, हे त्यात मोजलं जात नाही. आयआयटी खरगपूरने मोजले ते कण होते. नव्या लेपाचीही अशीच, गरम चहासारख्या तापमानाला, कण मोजणारी चाचणी झाली पाहिजे. नाहीतर आपण एक पापुद्रा काढून दुसरा लावू आणि प्रश्न तिथेच राहील.

मग ‘इको फ्रेंडली’ लिहिलं असेल तर काय विचारायचं?

नॅनोसेल्युलोजमुळे पॉलिएथिलीनचा थर पातळ करता येतो. त्याच्यामुळे पीएलएला किंवा स्टार्चलाही बळ देता येतं. पाकिटावर दोन्ही ठिकाणी ‘वनस्पतीजन्य नॅनोसेल्युलोजयुक्त’ असंच छापता येईल. पहिल्या प्रकारात प्लास्टिक कमी झालं, पण आहेच. रद्दीवाला तो कप घेणार नाही आणि कायद्याच्या नजरेतही तो प्लास्टिकचा लेप असलेलाच कप राहील. दुसऱ्या प्रकारात पूर्ण कप कुजण्याची शक्यता तयार होते. तणस तेच, माती वेगळी.

म्हणून तीन प्रश्न विचारायला हवेत. लेपातलं मुख्य पॉलिमर कोणतं? कुजण्याचं प्रमाणपत्र कुठल्या परिस्थितीतलं आहे, घरच्या खड्ड्यातलं की ५८ अंशांच्या औद्योगिक युनिटमधलं? आणि चाचणी गरम आणि दमट हवेत केली आहे का?

हे प्रश्न एकेका ग्राहकाने टपरीवाल्याला विचारून उपयोग नाही. तो कप बनवत नाही, पन्नासचं पाकीट विकत आणतो. विचारायचे ते सरकारने. केंद्राने मार्च २०२४ मध्ये प्लास्टिक कचरा नियमांत बदल करताना, जैवविघटनशील प्लास्टिकने मागे मायक्रोप्लास्टिक ठेवता कामा नये, अशी अट घातली. महाराष्ट्रानेही २०२२ च्या अखेरीस प्रमाणित कंपोस्टेबल वस्तूंना बंदीतून सवलत दिली. म्हणजे दार उघडं आहे. पण त्या सवलतीचा फायदा प्रामाणिक लेपाला मिळतो की नुसत्या हिरव्या छपाईला, हे तपासणारी प्रयोगशाळा आणि ती तपासणी नियमित करणारी यंत्रणा लागेल.

तोवर जुना पर्याय आहेच. काचेचा ग्लास धुवून पुन्हा वापरता येतो आणि त्याला कुठलाच लेप लागत नाही. पण रेल्वे स्टेशनवर, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, हजार माणसांच्या कार्यक्रमात प्रत्येक वेळी ग्लास धुण्याएवढं पाणी आणि माणसं नसतात. तिथे कागदी कप राहणार आहे. तो राहणारच असेल, तर त्याच्या आतल्या थराबद्दल नेमकं बोलायला आपण शिकलं पाहिजे.